लेकीच्या घरची जवारी

भातकुली
आश्विन वद्य दशमी, शके १७८६

सूर्यभान दादा,

वामनराव पंतोजींनी वर चार ओळी मानाच्या लिहून ठेवल्या होत्या, त्या मी खोडायले लावल्या. म्हटलं, मी बोलते तसंच उतरवा, गोडगोड करायचं असन तं मी दुसऱ्याकडून लिहून घेते. तवापासून ते मान खाली घालून लिहून राहिले. तीन सालं झाली, आपलं बोलणं बंद हाये. माह्या कुशीबद्दल तू भर अंगणात, वहिनीच्या देखत जे बोलला, ते मी विसरली नाई अन् विसरणार बी नाई. पण आजचा कागद त्याच्यापायी नाई. माय माह्या घरी हाये.

धाकल्या किसनच्या घरी ती ढोराइच्या कोठ्यात पडली. सारे कपाशीच्या कामाले वावरात. सकाळी पडली, ते दिवेलागणीले किसनची बायको घरी आली तवा सापडली. मांडीचं हाड गेलं. किसन वाईट नाई, त्याच्या बायकोले बी मी नावं ठेवत नाई. पण यंदा साऱ्या मुलखाले कपाशीचं वेड लागलं हाये, म्हाताऱ्या माणसाजवळ बसायले घरात कोणी रिकामं नाई. माहे मालक नत्थुजी, तुहे भाटवे, बंडीत कडबा अंथरून तिले घेऊन आले. हाडवैद्यानं कामट्या बांधल्या. आता काई उभी राहत नाई म्हणे.

मले तिचं जड नाई. कूस मी बदलून देते, अंग मी पुसून देते, लुगडी मी धुते. तुमा दोघाइले तिच्यासाठी बाई ठेवायची गरज नाई, रुपया धाडायची गरज नाई. अडलं ते एकाच ठिकाणी. माय माह्या घरचं खात नाई.

काहून ते तुले ठाऊक हाये. ज्या लेकीच्या पोटी लेकरू नाई, तिच्या घरचं अन्न माय-बापानं तोंडात घालू नाई. तिच्या मायनं पाळलं, तिनं बी पाळलं. माह्या लग्नाले इतकी सालं झाली, ती इथी आली की गावविहिरीचं पाणी पिऊन जायची. आता बाजेवर पडली तरी तेच. किसनच्या घरून गठोड्यात बांधून आणलेली जवारी हाये, ती दळून मी तिची वेगळी भाकर करते. तेवढीच खाते. ते गठोडं आता सरत आलं.

दादा, बा जाताना पाटलासमोर काय बोलला ते तुह्या ध्यानात असन. नदीकाठचं वावर बुढीच्या पोटाले. दोघा भावाइनं मिळून वाहायचं, तिच्या हयातीत वाटणी नाई, अन् ती ज्याच्या चुलीवर खाईन तिथी त्या वावराचं धान्य जाईन. मी किसनले निरोप धाडला, त्या वावराच्या नावानं जवारी दे. तो म्हणे, तिथी तं दादानं सारी कपाशीच पेरायले लावली. अन् वावर शामिल हाये, दादाच्या शब्दाबिगर मी दाणा हलवू शकत नाई.

तं तू शब्द दे. किसनच्या पेवातली जुनी जवारी असली तरी चालन. वावरापायी आली एवढं मायले समजलं की ती खाईन. कपाशीच्या बंड्या अकोल्याले चालल्या, त्याच्यासंगच हा कागद धाडून राहिली. उत्तराले उशीर करू नको.

सत्यभामा


भातकुली
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १७८६

दादा,

तुहा कागद पंतोजींनी मले दोनदा वाचून दाखवला, तरी माह्या डोकशात शिरला नाई. तू लिहितो, किसननं जवारी दिली तं उद्या तो पंचाइले सांगन की बुढीले मी पोसली, वावर माहं. अन् तू दिली तं किसन म्हणन, दादानं तिचा भार कबूल केला, आता सारं त्यानंच करावं. म्हणून वाटणी होईस्तोवर त्या वावराच्या मालाले कोणी हात लावायचा नाई, कपाशीचा पैसा बी आडत्याकडंच पडून राहीन. वा रे वा! दोघं भाऊ एकमेकाइचा हात धरून बसले, अन् मधात बुढी उपाशी. वावर तिचं, पोट तिचं, अन् वाट बी तिनंच पाहायची?

अकोल्यात तू मोठा दलाल झाला, लोक तुले सूर्यभानजी म्हणतात, मले आनंदच हाये. पण दलालीतली अक्कल मायच्या भाकरीत कायले लावतो बापा?

गठोडं सरलं ते तिनं मले सांगतलं बी नाई. "भूक नाई व आज," म्हणे. दुसऱ्या दिवशी बी तेच. मी गठोडं सोडून पाह्यलं तं रिकामं फडकं.

मंग मी खोटं बोलली. आमच्या घरी जवारी हाये. सारं गाव कपाशीमागं धावलं, तरी तुह्या भाटव्यानं अर्धं वावर जवारीचं ठेवलं. लोक हसले. हे म्हणाले, पोटाले काय सरकी खाऊ? तं नवी जवारी नुकतीच घरात आली होती. त्यातलं एक पोतं नत्थुजीनं मागच्या दारानं नेलं, बंडीत टाकलं, अन् समोरच्या दारानं आणून मायच्या बाजेपाशी उतरवलं. मी म्हटलं, "माय, दादानं धाडली. तुह्या वावराची."

तिचं तोंड तू पाह्यलं असतं तं! तिनं पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, दाणे ओंजळीत घेऊन हुंगले. मले म्हणे, "म्हटलं नव्हतं व तुले? सूर्यभान मले विसरत नाई. तुमी पोट्टे उगीच त्याच्या नावानं बोंबलता." त्या दिवशी ती पोटभर जेवली. वरून दुसरी भाकर मागितली. शेजारची मनकर्णा आली तं तिले बी दाणे दाखवले, माह्या लेकानं धाडले म्हणून. मी चुलीपुढं बसून तोंडात पदर कोंबला. रडू येत होतं, हसू बी येत होतं.

पंतोजी म्हणतात, असं खोटं कागदावर कायले चढवता? मी म्हटलं, चढवा. तिनं तुले दिलेला आशीर्वाद मी तुले पोचता करून राहिली. तो तुह्या कमाईचा नाई, एवढं ध्यानात ठेवजो. अजूनबी एक पोतं खरं धाड. तुहं खरं पोतं आलं की माहं खोटं आपोआप मिटन. पंचाइची भीती असन तं कोणाले न सांगता धाड, किसनले मी पाहून घेईन.

सत्यभामा


भातकुली
फाल्गुन शुद्ध द्वादशी, शके १७८६

दादा,

होळी झाली की तू इकडं येऊन राहिला, असं बंडीवाल्याइनं सांगतलं. मी मायले सांगून चूक केली काय कोण जाणे. ती आतापासूनच दाराकडं तोंड करून झोपते. केस विंचरून दे म्हणे, सूर्यभानले बुढी अशी अवकळा आलेली दिसू नाई.

ती बरी हाये. पाठीले जखम झाली होती ती भरली. गालावर जरासं मांस चढलं. जेवताना रोज तुहं नाव घेते. मी तिले इतक्या सालात अशी सुखात पाह्यली नव्हती, हे मी खरं सांगून राहिली.

म्हणून एकच मागते. तिच्यासमोर वावराची गोष्ट काढू नको. रिकाम्या हातानं आला तरी चालन, पण जीभ सांभाळजो. तेवढं पाळशीन तं तू मले अंगणात जे बोलला ते बी मी सोडून दिलं समज. पंतोजी माह्याकडं पाहून राहिले. लिहा म्हटलं, सोडून दिलं.

सत्यभामा


भातकुली
फाल्गुन वद्य द्वादशी, शके १७८६

दादा,

तू गेल्यापासून माय जेवली नाई.

तू आला तवा सारी भातकुली तुह्या बैलाच्या शिंगावरच्या चांदीच्या शेंब्या पाहायले लोटली. मले लुगडं आणलं, नत्थुजीले पागोटं. मी बावळी, मले वाटलं माहा भाऊ परत आला. मायनं तुहं तोंड दोन्ही हातानं चाचपलं. मंग तू तो कागद काढला. नदीकाठचं वावर तुह्या एकट्याच्या नावानं करायचं, सेठाकडं गहाण ठेवून आणखी माल भरायचा, अन् बा तिले देऊन गेला म्हणून तिची निशाणी पाह्यजे.

ती नाई म्हणाली, ते बी तुहं भलं बोलूनच. "ते वावर मले अजूनबी खाऊ घालून राहिलं बापा. यंदा किती ग्वाड जवारी आली! तुमी धाडता म्हणून मी लेकीच्या दारी मानानं पडली हाये. ते कसं सोडू?"

तू हसला. दादा, मी दारात ताकाचा गडू घेऊन उभी होती. मी मानेनं तुले नाई, नाई म्हणून राहिली होती. तू मले पाह्यलं. पाहून बी बोलला. "कायची जवारी माय? तिथी तीन साल झाले जवारीचा दाणा नाई. तू सत्याच्या घरची खाऊन राहिली. आता त्या वावराचं तुले काय काम? कर निशाणी."

मायनं माह्याकडं पाह्यलं. "कलम आण," एवढंच म्हणाली. अन् त्या मोकळ्या, बांगडी नसलेल्या हातानं तुह्या कागदावर बांगडीची निशाणी काढली. शाई वाळायच्या आत तू उठला. जेवायले बी थांबला नाई. कपाशीचे भाव हलून राहिले, घाई हाये म्हणे.

तू गेल्यावर तिनं मले जवळ बोलावलं. मले वाटलं मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं. माह्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "सत्ये, लय खाल्लं व मी तुह्या घरचं. तुह्या पोटी लेकरू यायचं असन, ते बी मीच खाल्लं." मी म्हटलं, माय, असं नसते व, जवारी खाल्ल्यानं कोणाची कूस जाते काय? पण तिच्या मनानं ते धरलं ते धरलंच. भाकर समोर आली की तोंड फिरवते. किसनची म्हणून दिली, बाजारची म्हणून दिली, तं म्हणे, आता तुह्या तोंडचं मले काईच खरं वाटत नाई. नत्थुजी तिच्या पायाशी बसले, म्हणाले, मले तुमचा लेक समजा अन् माह्या हातचं खा. त्याइच्या गालावरून तिनं हात फिरवला. "तुमी देवमाणूस हा जवाईबापू. पण जवाई तो जवाई."

पाणी तेवढं घेते, गावविहिरीचं.

आता ते वावर शामिल नाई. तुहं एकट्याचं हाये. आता कोणाले विचारायचं राह्यलं नाई, किसन काय म्हणन, पंच काय म्हणतीन, सारं मिटलं. दादा, एक पायली जवारी धाड. किसनची नाई, माही नाई, तुही. माणूस धाडून सांग की सूर्यभाननं दिली. तुह्यावर माहा राग हाये, मरेपर्यंत राहीन. पण मी पाया पडते.

सत्यभामा


भातकुली
चैत्र शुद्ध पंचमी, शके १७८७

दादा,

बंडीवाला म्हणे, कागद तुह्या हातात दिला, तू वाचला अन् घडी घालून बंडीत ठेवला. बंडी म्हणजे अंगातली, हे पंतोजींनी मले समजावून सांगतलं. मंग खिशात ठेवला तरी होता ना? फेकला नाई ना?

तो हे बी म्हणे की अकोल्यात कपाशीचे भाव कोसळले, तुह्या दुकानात लोकाइची गर्दी हाये, तू कोणाशी बोलत नाई. तुह्यावर काय गुदरून राहिलं ते मले समजते. मले पैसा नको. जवारी बी राहू दे. तू फक्त ये. रस्त्यात कोणाच्या बी घरून मूठभर दाणे घे अन् तुह्या हातानं तिले दे. तिचा आवाज बसला हाये. लवकर ये.

सत्यभामा


भातकुली
चैत्र वद्य पंचमी, शके १७८७

दादा,

आज सकाळी तुही बंडी आली. तुहा गडी म्हणे, उद्या गावी मायची तेरवी हाये, तुमा दोघाइले घेऊन यायले सांगतलं. पाच गावाइले जेवण हाये म्हणे. गहू तुहा, गूळ-तूप किसनचं, दोघं भाऊ मिळून करून राहिले. बरं जमलं आता तुमचं. पंचाइची काई अडचण आली नाई ना?

तू निरोपात विचारलं, शेवटी माय काई बोलली काय. सांगते. एकदा मी तुह्या नावानं तिच्यापाशी खोटं बोलली. तिच्या नावानं तुह्यापाशी बोलणार नाई.

तू आला नाई तवा ती म्हणाली, मले लेकाच्या घरी ने, लेकीच्या घरी मरण नको. आमी बंडी जुपली. किसनच्या दारात पोचलो. किसन बाहेर आला, मायले पाहून लेकरावाणी रडला. पण दारातून हलला नाई. "दादानं वावर नेलं, तं माय बी दादाची. आता मी तिले घरात घेतली तं उद्या सारं माह्यावरच येईन. तिले अकोल्याले न्या," म्हणे. त्याच्या बायकोनं आतून सतरंजी आणून बंडीत टाकली. तेवढंच तिच्या हातात होतं. मायनं सारं ऐकलं. मले म्हणे, "चाल."

अकोल्याचा रस्ता त्या वावरावरूनच जाते. नदीचा उतार आला तशी तिले जागा समजली, डोळे मिटलेले असून बी. म्हणे थांबवा. नत्थुजीनं तिले उचलून वावराच्या काठी, धुऱ्यावरच्या बोरीखाली ठेवलं. वावर उघडंबोडकं पडलं होतं, पऱ्हाट्या उपटून नेल्या होत्या. तिनं विचारलं, "काय पेरलं?" मी म्हटलं, काईच नाई माय, मोकळं हाये. तिले बरं वाटलं असं मले दिसलं.

बोरीखाली वाळलेली बोरं पडली होती. सुरकुतलेली, अर्धी किडकी, मागच्या महिन्यातली. तिचा हात त्यावर पडला. तिनं एक उचललं, पाह्यलं, अन् तोंडात टाकलं.

दादा, तिले भूक होती.

मले इतके दिवस वाटत होतं की तिचं अन्नावरून मन उडालं. म्हाताऱ्या माणसाचं उडते तसं. तसं काई नव्हतं. तिले भूक होती. दात नाई, नुसत्या हिरड्यानं ती ते बोर चोखत होती, आठळी टाकायच्या आत दुसऱ्याले हात घालत होती. तिची लाळ हनुवटीवर आली. "अजून हाये काय व?" म्हणाली. मी अन् नत्थुजी दोघं गुडघ्यावर बसून बोरं वेचत होतो, मिळन ते, मातीतलं, काट्यातलं. माह्या हातून तिनं घेतलं. माह्या हातचं घेतलं तिनं, कारण ते तिच्या वावरचं होतं. मूठभर झाली नसतीन. मंग बोरं सरली. ती माह्या मांडीवर डोकं ठेवून पडली अन् थोड्या वक्तानं गेली. तुहं नाव घेतलं नाई. किसनचं बी नाई, माहं बी नाई. "अजून हाये काय व," हेच तिचं शेवटचं बोलणं.

किसनले बोलावलं, त्यानंच तिथी नदीवर अग्नी दिला. तू दुसऱ्या दिवशी पोचला. तू माह्यासमोर रडला तवा मी तुह्या पाठीवर हात ठेवला नाई, याचं तुले वाईट वाटलं असं किसन म्हणे. वाटू दे.

वावर सेठाकडून सुटणार नाई, असं लोक म्हणतात. ते तुमचं तुमी पाहा. मले त्यात वाटा कधी नव्हता, आता बी नको.

तेरवीले मी येत नाई. नत्थुजी बी येत नाईत. पंतोजी म्हणतात, सख्ख्या मायची तेरवी हाये, लोक काय म्हणतीन, एक घास खाऊन या. मी त्याइले म्हटलं, लिहा तुमी. पाच गावं तिच्या नावानं जेवतीन, त्याइले वाढजो, आग्रह करजो, कमी पडू देऊ नको. माह्याच्यानं तो घास गिळवणार नाई. माय माह्या घरचं खात नव्हती तं मले किती लागत होतं! आता तुह्या घरचं मी खाणार नाई. उद्या नाई, पुढं बी नाई.

तुह्या गड्याले भाकर दिली, बैलाले पाणी दाखवलं. बंडी रिकामीच परत धाडून राहिली.

सत्यभामा